निजलेल्यांना आमंत्रण

श्रावणातल्या एका शुक्रवारी मालिनीबाईंच्या रक्तातले दोन शिपाई बाहेर आले आणि चपला काढून स्वयंपाकघराच्या दारात अदबीने उभे राहिले.

"बाई, एचआयव्हींपैकी जागे होते ते गोळ्यांनी आवरले," थोरला म्हणाला. "पण काही तुमच्याच पेशींत पांघरूण घेऊन निजलेत. निजलेला घरचाच दिसतो. ओळखायचं कसं?"

मालिनीबाई रोजची गोळी सासूबाईंना चोरून घेत. ती थांबवावी, तर निजलेल्यांतला एखादा उठायचा आणि घर पुन्हा भरायचं. यातून एकदाचं सुटावं, एवढंच त्यांचं देवीकडे मागणं होतं.

"उठवायचं औषध देतो," डॉक्टर सबनीस म्हणाले. "सगळे उठतीलच असं नाही."

"नुसत्या औषधाने कोण उठतंय? अक्षत द्यायला हवी. मी शुक्रवारच्या उद्यापनाला जेवायला सांगते."

डॉक्टरांनी औषधाखाली 'अक्षत' लिहिलं.

झाडून सगळे आले. हातपाय धुऊन पंगतीला बसले. मागे शिपाई काठ्या सरसावून उभे. पण रिकाम्या पानावर कुणाला ताटकळत ठेवणं मालिनीबाईंच्या जिवाला रुचेना. त्यांनी पुरणपोळी वाढली.

थोरला पुढे सरकला.

"थांबा. भरल्या पानावरून कुणाला उठवत नाहीत."

"बाई, हे एचआयव्ही आहेत."

"असू देत. जेवताहेत ना?"

"आणि तुम्ही वर तूप वाढताय."

"मग कोरडी वाढू?"

ताक पिऊन पाहुणे जे आडवे झाले, ते आपापल्या पेशीत गाढ झोपले. साखरेचा त्रास म्हणून पोळी नाकारलेले दोघे तेवढे जागे होते. ते हाती लागले.

"दोघे म्हणजे काही कमी नाहीत," डॉक्टर रिपोर्ट उजेडात धरून म्हणाले. "पण बाकीच्यांचं काय?"

"माझंच चुकलं. जेवायला सांगायला नको होतं. आता हरितालिकेला बोलावते. पाणीसुद्धा नाही आणि रात्रभर जागरण."

"उपाशी जागायला येतील?"

"माझ्या हातची पुरणपोळी खाऊन गेलेत. कोणत्या तोंडाने नाही म्हणतील?"

धाकट्या शिपायाने घसा खाकरला. "आम्हालाही उपास का, बाई?"

"छे, तुम्ही पोटभर जेवून घ्या. मी वाढते."

"तुम्ही नको," तो घाईने म्हणाला. "आम्हाला जागं राहायचंय."

मालिनीबाईंना ते पटलं. त्यांनी मूठभर तांदळाला कुंकू लावलं, पदर सारखा केला आणि पहिल्या पेशीच्या दाराशी जाऊन हलकेच हाक मारली.