हातभर मागे

"तुमचा सोफा चुकीच्या जागी आहे," गुडघ्यांवर बसून टेपने जमीन मोजत स्पीकरचा दुकानदार म्हणाला. "हातभर मागे घ्या, मग बघा आवाज कसा येतो."

"मागे भिंत आहे," थोरले म्हणाले.

"तेच म्हणतोय. भिंत चुकीच्या जागी आहे."

उभा जन्म वजनमापे खात्यात दुसऱ्यांच्या तराजूतली खोट काढण्यात घालवलेल्या माणसाला हे ऐकून घेणे जड गेले. ही भिंत थोरल्यांनी स्वतः उभे राहून घालून घेतली होती, बोटभरसुद्धा इकडचे तिकडे होऊ न देता. वडील गेल्यावर हॉलचे दोन भाग झाले. अलीकडे थोरले, पलीकडे धाकटा. भिंतीचा खर्च निम्मा निम्मा ठरला होता, त्यामुळे ती होईल तितकी स्वस्तात व्हावी यावर दोघांचेही एकमत झाले. भावाभावांचे एकमत झालेली ती शेवटची गोष्ट. दोन प्लायवूड आणि मध्ये हवा, एवढीच ती भिंत होती.

दुकानदाराने तिच्यावर टकटक केली. भिंत ढोलासारखी घुमली.

"आणि ही भिंत नाहीच, साहेब. तुमच्या घरातला सगळ्यात मोठा स्पीकर हाच. फक्त तोंड पलीकडे आहे त्याचं."

हे सांगायला दुकानदाराची गरज नव्हती. निवृत्तीनंतर एक तरी हौस करायची म्हणून थोरल्यांनी कमरेएवढे उंच दोन स्पीकर घेतले होते, आणि पहिल्याच संध्याकाळी एक विनोदी सिनेमा लावला होता. पडद्यावरचा माणूस शिडीवरून पडला, थोरल्यांच्या तोंडाचा हसण्यासाठी आ झाला, आणि त्यांच्या आधी पाठीमागून धाकट्याचे हसणे आले. सातमजली, शेवटी खोकल्यात संपणारे. दुसऱ्या विनोदालाही आले. सिनेमा संपेपर्यंत येतच राहिले.

या हसण्याशी थोरल्यांचे जुने वैर होते. वडील अंथरुणाला खिळले होते तेव्हा डॉक्टर, औषधे, चादरी, सगळे थोरल्यांनी पाहिले. धाकटा नुसता उशाशी बसून गप्पा मारायचा, आणि वडील हसायचे. थोरले औषधाच्या बाटल्या घेऊन घामाघूम होऊन दारात आले की आतून दोघांचे खिदळणे ऐकू यायचे. थोरल्यांना पाहून ते थांबायचे. थांबायचे, हेच जास्त लागायचे. पुढे वाटणीच्या वेळी थोरले बोलून गेले, "बाप मरत होता आणि तू दात काढत होतास." त्यानंतर दोघांमध्ये शब्द नव्हता, भिंत होती.

"माझ्या पैशांनी तो हसतोय," थोरले बायकोला म्हणाले.

"हसू दे की. हसण्याने आपला आवाज झिजतो का?"

"तुला नाही कळायचं."

म्हणून ते दुकानात गेले होते. दुकानदाराने सवयीने विचारले, "आवाज कुठवर जायला हवा?"

"कुठवर जायला नको, ते विचारा. सोफ्याच्या पाठीपर्यंत यावा आणि तिथेच मरावा."

दुकानदाराने त्यांच्याकडे एकदा नीट पाहिले. गिऱ्हाइकाला वेडा म्हणायचे नसते, एवढे त्याला धंद्याने शिकवले होते. "मग बुटके घ्या. पुस्तकांच्या कप्प्यात मावतात. जवळून ऐकायचे असतात, लांब जातच नाहीत. फक्त जड आवाज यांना पेलत नाही, त्यासाठी हा ठोकळा जमिनीवर ठेवावा लागतो."

"ठोकळा जमिनीवर म्हणजे भिंतीपर्यंत हादरा."

"तो तर जाणारच."

"मग नको."

"ठोकळ्याशिवाय ढग गडगडले तर डब्यात चमचा पडल्यासारखं वाटेल."

"वाटू दे. माझे ढग आहेत."

"आणि मोठे परत घेतो, पण पडेल भावाने घेईन. ते मी कोणालाही विकेन, मग तुमची तक्रार नको."

"कोणालाही विका! माझ्या डोळ्यांसमोरून न्या म्हणजे झालं."

दुकानदाराने टेप आवरून बुटके कप्प्यात बसवले. आता पलीकडे किती जाते हे पलीकडे बसल्याशिवाय कळणार नव्हते, आणि पलीकडे थोरल्यांना पाय टाकायचा नव्हता. पण त्यांच्या बायकोचे तसे नव्हते. भांडण भावांचे होते, मागच्या गॅलरीतून जाणाऱ्या-येणाऱ्या वाट्या जावांच्या होत्या.

"वाटी परत करायला म्हणून जा," थोरल्यांनी कामगिरी समजावली. "पाच मिनिटं बस, कान दे आणि परत ये. चहा घेऊ नकोस."

बायको गेली. थोरल्यांनी सिनेमा लावला. पाच मिनिटे झाली, मध्यंतर झाले, शेवटची मारामारी झाली. सगळे संपल्यावर बायको पदराने डोळे पुसत आली.

"काय झालं? रडलीस?"

"हसून हसून पाणी आलं. काय सिनेमा होता हो!"

"म्हणजे ऐकू येतं?"

"इथल्यापेक्षा बरं येतं. भाऊजींनी त्यांच्या टीव्हीचा आवाज कधीचाच बंद केलाय. तुम्ही लावाल ते चॅनल लावतात आणि आवाज तुमचा वापरतात. चहाही घेतला मी. नाही कसं म्हणणार?"

थोरल्यांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. चित्र त्याचे, आवाज यांचा, आणि हसणे वर फुकट! दुसऱ्या दिवशी दुकान उघडायच्या आधी ते पायरीवर उभे होते. त्यांनी बुटके परत केले आणि दुकानातले सगळ्यात लहान, मुठीत मावणारे दोन स्पीकर घेतले. ते सोफ्याच्या दोन हातांवर, कानांपासून वीतभर अंतरावर बसवले. आवाज इतका बारीक येई की पडद्यावरची माणसे शेजारच्या गल्लीत भांडत असावीत असे वाटे.

त्या संध्याकाळी पलीकडे शांतता होती. थोरले समाधानाने मागे रेलले. थोड्या वेळाने भिंतीवर टकटक झाली.

"दादा," पलीकडून आवाज आला. "जरा वाढव ना. ऐकू येत नाही."

बायकोने हातातले विणकाम खाली ठेवले. एवढ्या वर्षांत भिंतीपलीकडून 'दादा' ही हाक पहिल्यांदाच आली होती. थोरल्यांचा हात रिमोटकडे गेला, हे तिने पाहिले. मग तो मागे आला, हेही पाहिले.

"अहो, बोला की काहीतरी."

"इतक्या वर्षांनी तोंड उघडलं, तेही फुकटच्या मागणीसाठी," थोरले तिला म्हणाले आणि त्यांनी रिमोट उशीखाली सारला.

टकटक परत झाली नाही. थोरले जिंकले होते. मात्र त्या दिवसापासून सिनेमात काही राम उरला नाही. विनोद कळायचा, पण हसू येत नसे. शिडी पडे, माणूस पडे, आणि थोरले नकळत पाठीमागे कान देत. तिथून काहीच येत नसे. त्यांना चुकल्याचुकल्यासारखे होई, आणि त्याचा सगळा दोष त्यांनी स्पीकरना दिला.

आठवडाभराने पलीकडे ड्रिलची घरघर झाली. संध्याकाळी थोरल्यांच्या पाठीमागून असा आवाज आला की सोफा हलला. प्रत्येक शब्द स्वच्छ. ढग गडगडले ते ढगांसारखे.

बायको गॅलरीतून वाटी घेऊन आली. "भाऊजींनी स्पीकर आणलेत. तुमचेच ते, मोठे. दुकानात पडेल भावात मिळाले म्हणे."

"माझे? पडेल भावात?"

"बसवायला तोच दुकानदार आला होता. त्यांनाही म्हणाला, सोफा हातभर मागे हवा होता."

थोरल्यांनी मनातल्या मनात मोजले. मोजण्यात त्यांचा हात धरणारा कोणी नव्हता. पलीकडच्या सोफ्याच्या हातभर मागे म्हणजे ते आत्ता बसले होते ती जागा. त्यांनी हळूच आपल्या टीव्हीचा आवाज बंद केला आणि पलीकडचे चॅनल लावले. तोच शिडीचा सिनेमा होता. आयुष्यात पहिल्यांदा त्यांना आवाज त्याच्या योग्य जागी बसून ऐकायला मिळत होता, आणि तोही फुकट.

पडद्यावरच्या माणसाने रंगाचा डबा घेऊन शिडीच्या पहिल्या पायरीवर पाय ठेवला. थोरल्यांच्या पोटात हसू उसळले. त्यांनी घाईने उशीचा कोपरा तोंडात कोंबला.

"अहो, हे काय? हसा की मोकळेपणी!"

"हळू बोल!" थोरले उशीतून फिसकारले. "मी हसलो की त्याला कळेल. उद्याच जाऊन बुटके घेऊन येईल. मी काय ओळखत नाही त्याला?"

बायको त्यांच्या कानाशी वाकली. "भाऊजी टीव्हीकडे बघतही नाहीत. जाऊ सांगत होती. स्पीकर लावून देतात आणि सोफ्यावर उलटे, भिंतीकडे तोंड करून बसतात. दादा हसतोय का, ते ऐकत."

"बघ! मी म्हटलं नव्हतं?" थोरल्यांचे डोळे विजयाने चमकले. त्यांनी उशी आणखी घट्ट दाबून धरली.

शिडी डगमगली, रंगाचा डबा उलटला, माणूस पडला. भिंतीच्या दोन्ही बाजूंना कोणीही हसले नाही.