कानडी बोलणारं गाढव

उदगीरच्या धान्याच्या मोंढ्यात मन्मथप्पांच्या आडतीवर गाढव कानडी बोलायचं. अस्वल दखनी उर्दूत वकिली करायचं, कावळा मराठीत चुगल्या सांगायचा; पण गाढव कानडीच. छापील पुस्तकात मात्र सगळेच प्राणी शुद्ध मराठी बोलत.

जंगलातल्या एका कचेरीच्या त्या विनोदी गोष्टी. दरवर्षी एक पातळसा भाग निघे. लातूर जिल्हा नवा झाला तेव्हा मन्मथप्पांना त्यात एकच सोय दिसली : "पुस्तकाचं दुकान जवळ आलं." लातूरला निघालेल्या प्रत्येकाला ते एसटी स्टँडवर गाठून सांगत, "नवा भाग आला का, बघून या."

त्या वर्षी पाऊस नव्हता. आवक नाही, काटा रिकामा. मन्मथप्पा पोत्यांच्या थप्पीला टेकून प्रत्येक प्राण्याचा आवाज काढत मोठ्यानं वाचायचे आणि हमाल हसायचे. गाढव कोरड्या विहिरीची पाहणी करून कळवतं, 'पाणी नाही.' साहेब विचारतात, 'विहिरीनं तसं लिहून दिलं का?' हा प्रसंग तर लोक पुन्हा पुन्हा मागत.

आडतीवर माल घालणारे बीदरकडचे कानडीभाषक काशप्पा मात्र एकदा हसले नाहीत.

"अप्पा, सगळ्या जंगलात कानडी बोलायला गाढवच घावलं व्हय?"

"तेच लई हुशार हाय."

"मग अस्वलाला द्या की कानडी."

"त्याला जमत न्हाई."

"तर गाढवाला मराठी शिकवा. न्हाईतर आमचा माल दुसऱ्या आडतीवर जाईल."

त्या दुष्काळात जो काही माल येई तो काशप्पांच्याच बाजूचा. सगळ्यांनी समजावलं : पाऊस पडेपर्यंत तरी गाढवाला मराठी बोलू द्या. मन्मथप्पांनी दुसऱ्या दिवशी पुस्तक उघडलं. गाढवाच्या वाक्यापाशी आले, तोंड उघडलं, पुन्हा मिटलं.

"आज बोलंना झालंय," ते म्हणाले आणि पुस्तक बंद केलं. त्यानंतर आडतीवर वाचन झालं नाही. माल गेला तर जाऊ द्या, पण गाढवाची भाषा बदलणार नाही, हा त्याचा अर्थ मोंढ्याला कळला. कारण कळलं नाही.

मी उदगीरचा वार्ताहर; टंचाईच्या बैठकीच्या बातमीसाठी लातूरला गेलो होतो. तिथं नवा भाग मिळाला. परत आल्यावर तो द्यायला मन्मथप्पांच्या घरी निघालो. समेट व्हावा म्हणून काशप्पांनाही सोबत घेतलं.

दार उघडंच होतं. आत गाढव कानडीत कुणावर तरी खेकसत होतं. मन्मथप्पांच्या पत्नी शांतम्मा ज्वारी पाखडत बसलेल्या. हसू आवरेना म्हणून सूप मांडीवर थांबलेलं. काशप्पांना पाहताच मन्मथप्पांनी पुस्तक मागं लपवलं.

शांतम्मांना भांडण ठाऊक होतं. "मी बी बीदरकडचीच," त्या काशप्पांना म्हणाल्या. "लग्न होऊन आले तवा मराठी कळत न्हवती. ह्यांना कानडी येत न्हवती. दोघं बी दिवसदिवस गप बसायचो. मग ह्यांनी कानडी हमालांकडून एकेक वाक्य शिकून आणलं अन् गाढवाच्या तोंडी घातलं. ह्या घरात माझी भाषा आधी गाढवाला आली."

मन्मथप्पा छताकडं पाहत होते.

काशप्पांनी माझ्या हातातला नवा भाग घेतला, मन्मथप्पांपुढं ठेवला आणि चटईवर मांडी घालून बसले.

"वाचा. पण अप्पा, तुमच्या गाढवाची कानडी लई कच्ची हाय. मी सांगतो तसं म्हणा."

"नगं," शांतम्मा सूप उचलत म्हणाल्या. "मला त्याची सवय झालीय."