हवेचे कंडक्टर रशीदभाई

रशीदभाई कुणाच्याही घरी आले की आधी उदबत्ती मागतात. चहा नंतर. घरात पूजा असो नसो. उदबत्ती पेटवून ते ती उंबऱ्याशी धरतात आणि धुराकडे टक लावून उभे राहतात. धूर आत वळला तर मान डोलवतात. सरळ वर गेला तर चेहरा पडतो आणि मोठ्यांदा विचारतात, "हवा चढते कुठून अन् उतरते कुठं, मले सांगा बरं!"

नव्या पाहुण्याला याचं उत्तर येत नाही. अमडापुरातल्या आमच्या गल्लीत आता सगळ्यांना येतं.

रशीदभाई जन्मभर एसटीच्या लाल गाडीवर कंडक्टर होते. चिखली, खामगाव, धामणगाव बढे, जिथे पाठवलं तिथे गेले. निवृत्त झाले, पण कंडक्टरकी काही सुटली नाही. गाडीतल्या पॅसेंजरच्या जागी आता हवा आली, एवढंच. खिडकी उघडली की चौकटीवर बोटाच्या पेराने दोनदा टकटक करतात. ही डबल घंटी, म्हणजे चला. भिंतीवर ओल दिसली की एकदाच टक. म्हणजे थांबा, बिनतिकिटाचं कुणीतरी बसलंय.

एकदा गल्लीत दुःखाच्या घरी आम्ही सगळे भेटायला गेलो. रशीदभाई पाच मिनिटं बसले, मग उठले आणि गेलेल्या माणसाच्या फोटोमागची खिडकी उघडायला लागले. घरच्या सुनेने डोळे वटारले. रशीदभाई म्हणाले, "गेला तो गेला, बाई. राह्यलेल्याइले तरी हवा घेऊ द्या." त्यांचं स्वतःचं घर बारा महिने सताड उघडं. थंडीत ते स्वेटर, मफलर आणि कानटोपी घालून आपल्याच घरात बसस्टँडवर बसल्यासारखे बसतात. लोक हसायचे. मीही हसायचे.

मी अंगणवाडीत काम करते. मला प्रत्येक गोष्टीची यादी लागते. त्या वर्षी माझी यादी लेकीच्या बाळंतपणाची होती. स्वाती संक्रांतीनंतर पहिल्या बाळंतपणाला माहेरी यायची होती. डिंक, खारीक, मेथ्या, जुन्या लुगड्यांची दुपटी, सगळ्यावर खूण झाली होती. राहिली होती एक ओळ: 'आतली खोली'.

आतल्या खोलीची उत्तरेची भिंत दरवर्षी काळी पडायची. आधी कोपऱ्यात ठिपके, मग कपाटामागे मोठा नकाशा. घासली, ब्लीचिंग लावलं, रंग दिला. थंडी आली की नकाशा परत हजर. आणि स्वातीला लहानपणापासून दमा. तिच्या सासूबाईंना हे कळलं होतं. जालन्याहून फोन आला, "विहीणबाई, राग मानू नका. पोरीला बुरशीच्या खोलीत नाही धाडायची मी. आधी येऊन बघते. नाहीतर बाळंतपण इकडंच करू."

फोन ठेवला आणि माझ्या डोळ्यांत पाणी आलं. पहिलं बाळंतपण माहेरी नाही, म्हणजे काय राहिलं?

मिस्त्री आला. म्हणाला, स्लॅब गळतो, वरून औषध मारावं लागेल. आमचे हे, म्हणजे वसंतराव, लगेच तयार झाले. तेवढ्यात दारात उदबत्ती मागण्याचा आवाज आला.

"काय बे वसंता, पाऊस जाऊन किती दिवस झाले? कोरड्या आभायातून स्लॅब कशाचा गळून राह्यला?" रशीदभाईंनी खताच्या गोणीतला प्लास्टिकचा तुकडा मागितला, काळ्या भिंतीवर चारी बाजूंनी चिकटपट्टीने पक्का बसवला आणि म्हणाले, "उद्या सकाळी पाहू. पाणी भिताडाकडून आलं, तर मिस्त्री खरा. घराकडून आलं, तर तुम्ही सारे बिनतिकिटाचे."

सकाळी प्लास्टिकच्या आतून भिंत कोरडी होती. बाहेरच्या अंगाला, आमच्या बाजूला, थेंब जमले होते. रशीदभाईंनी भिंतीवर एकदाच टक केलं. बघायला आलेला मिस्त्री चहा न घेताच गेला.

"आता वहिनी, तुमची ते यादी काढा," ते म्हणाले. "घरात वाफ कुठून कुठून चढते, लिवा."

मी लिहायला बसले आणि मलाच लाज वाटायला लागली. आंघोळीचं पाणी घरात तापतं. डाळ, भात, दूध. कपडे आतल्या खोलीत दोरीवर वाळतात, कारण अंगणात कापूस वाळत असतो. आणि पुढच्या खोलीत खुद्द कापूस, दव खाल्लेला, जमिनीपासून स्लॅबपर्यंत.

"एवढी गर्दी चढली. आता उतरते कुठं?"

उतरायला जागाच उरली नव्हती. बीटीचं बियाणं नवं होतं तेव्हा पहिली काही वर्षं बोंडं छान भरली. गल्लीतली मातीच्या धाब्याची घरं पाडून सगळ्यांनी स्लॅब टाकले. धाब्याच्या छतात धुरासाठी झरोका असायचा. नव्या कोऱ्या स्लॅबला भोक कोण पाडणार? पुढे गुलाबी अळी आली, भाव बसला, आणि घरोघरी कापूस खोल्यांमध्ये भाव चढायची वाट बघत बसू लागला. आमच्या पुढच्या खोलीची खिडकी त्या कापसामागे कुठेतरी होती. तिच्यावरच्या जाळीत मीच सिमेंटची पिशवी कोंबली होती. चिमण्या येऊन कापूस ओढायच्या म्हणून.

"सारी वाफ थंड भिताडाले जाऊन चिकटते," रशीदभाई म्हणाले. "दुसरा स्टॉपच नाई तिले. वसंता, खिडकीपासून आतल्या दारापर्यंत रस्ता पाड."

"अन् कापूस कुठं ठेवू? डोक्यावर?"

"गाडी केवढीबी भरो, मधला रस्ता मोकळा पाह्यजे. नाई तर मी घंटी देत नसतो."

"हे गाडी नोहे, रशीदभाई. माह्यं घर हाय. भाव आल्याशिवाय बोंडभर कापूस हलवत नाई मी."

"तर मंग पोरगी जालन्याले ठेव अन् कापूस पाळण्यात घाल!"

यांनी मान खाली घातली. मग रशीदभाईच हळू आवाजात म्हणाले, "माह्या घरी ठेव निम्मा. जागाच जागा हाय तिथं."

त्या दिवशी निम्मा कापूस गाठोड्यांतून गल्ली ओलांडून गेला. त्यांच्या पुढच्या खोलीत फळ्या टाकून, भिंतीपासून हातभर सोडून आम्ही तो रचला. तिथे एक लोखंडी कपाट खोलीच्या अगदी मधोमध उभं होतं, चार विटांवर. अडचण होत होती म्हणून यांनी ते भिंतीकडे रेटायला हात लावला.

"हात नको लावू!" रशीदभाई एवढ्या जोरात ओरडले की यांच्या काखेतलं गाठोडं सुटलं. मग कापूस कपाटाला वळसा घालून रचला.

आमच्या घरी काम धडाक्यात झालं. जाळीतली पिशवी मी उपटली. आतल्या खोलीत स्लॅबखाली, पुढच्या खोलीच्या खिडकीसमोर, भिंतीत नवा झरोका पाडला. कपाट भिंतीपासून पुढे आलं. दोरी अंगणात गेली, पाण्याची चूल मागच्या पडवीत. भिंत खरवडली, वाळवली, चुना दिला. शेवटी रशीदभाईंनी उंबऱ्याशी उदबत्ती धरली. धूर क्षणभर घुटमळला, मग आत वळला, आमच्या डोळ्यांसमोर पुढची खोली पार करून आत शिरला आणि नव्या झरोक्यातून बाहेर पडला. टकटक! गल्ली जमली होती. कुणीतरी टाळ्या वाजवल्या. यांनी तर फेटाच उडवला असता, फेटा असता तर.

त्यानंतर रोज सकाळी मी भिंतीवरून हात फिरवायचे. थंडी कडाक्याची पडली, पण भिंत पांढरी ती पांढरीच.

विहीणबाई आल्या. पाणीसुद्धा न पिता आतल्या खोलीत गेल्या. भिंतीवर बोट घासून बोट पाहिलं. कपाटामागे डोकं घातलं. कोपऱ्यात जाऊन नाक लावून वास घेतला. मी दारात उभी, हे माझ्यामागे, रशीदभाई अंगणात आभाळ बघत.

विहीणबाई बाहेर आल्या, पदर सावरला आणि म्हणाल्या, "पोरीला कधी आणता?" आणि मग जरा आवाज उतरवून, "आवं, आमच्याही न्हाणीघराशेजारी काळं येतंय. ते कोण आहेत, त्यांना धाडता का एकदा?"

"जालन्याले?" अंगणातून रशीदभाई म्हणाले. "येतो. पण खिडकीपाशी बसन."

स्वाती आली, राहिली, तिला एकदाही धाप लागली नाही, आणि मुलगी झाली. कापसालाही बरा भाव आला. दोन्हीकडचा कापूस उचलला गेला, तेव्हा पेढे घेऊन आणि झाडू घेऊन मी रशीदभाईंकडे गेले. त्यांची खोली झाडून द्यायची, हे माझ्या यादीत होतं.

खोली रिकामी झाली होती. सगळ्या खिडक्या उघड्या, वारा आरपार. मधोमध ते कपाट. मी चारी बाजूंनी झाडलं, विटांखाली झाडलं. कुठेही ओलीचा ठिपका नव्हता. कपाटाच्या दाराच्या फटीला मात्र काठोकाठ चिकटपट्टी लावलेली होती, जुन्या पट्टीवर नवी.

"रशीदभाई, हे एवढंच बंद ठेवलंय तुम्ही. उघडा, आतलं सामान उन्हात टाकते."

त्यांनी कानटोपी काढून हातात घेतली.

"वहिनी, माह्या घरवालीच्या, जमिलाच्या साड्या हायेत. ते गेली तेव्हा मी धामणगावले मुक्कामी होतो. घरी आलो तं बायाइनं सारं घर धुऊन काढलेलं. एवढं कपाट राह्यलं होतं. उघडलं, तं तिचा वास होता आत. तसंच लावून घेतलं." त्यांनी कपाटावर तळहात ठेवला. "बाहेरून चारी बाजूंनं हवा खेळवतो, भिताडापासून दूर ठेवतो, म्हणजे बुरशी लागाची नाई. आतली हवा तेवढी राहू द्या. एवढ्या पॅसेंजरले मी उतरवत नसतो."

मी झाडू भिंतीला टेकवला. पेढ्याचा डबा कपाटावर ठेवला, आणि जरा विचार करून तो उचलून त्यांच्या हातात दिला.

"पोरीच्या बारशाला या," मी म्हटलं. "पाळणा कुठे टांगायचा, तुम्हीच सांगायचं."

"सांगतो," ते म्हणाले. "उदबत्ती काढून ठेवा."

मी निघाले. मागून वाऱ्याने त्यांच्या घराची सगळी दारं वाजत होती, ते एक सोडून.