दंताजीचा दातेरी चाकू

एका जंगलात, मुलांनो, म्हणजे सिंह जिथे न्याय करतो त्या जंगलात नव्हे, त्याच्या शेजारच्या साध्या जंगलात, दंताजी नावाचा एक उंदीर राहत असे. त्याला ठकूबाई नावाची बायको होती आणि चार चांगले दात होते. दोन वर, दोन खाली. त्यांच्या जोरावर त्याचा संसार चाले. शेंगा, साली, कंद, जे समोर येईल ते तो कुरतडी. सुखी होता बिचारा.

सुखी प्राण्याला लग्नाचं आमंत्रण येऊ नये. पण ते आलं. वानरांच्या टोळीचा म्होरक्या लांगूलराव हा दंताजीचा जुना दोस्त. त्याच्या मुलीचं लग्न होतं. पंगतीत प्रत्येकाच्या पानावर एकेक पेरू आला. पाहुण्यांनी कमरेचे घडीचे चाकू काढले, टक्‌ टक्‌ उघडले आणि पेरूच्या नीट फोडी केल्या. दंताजीने पेरू उचलला आणि आपला नेहमीसारखा सुरू झाला.

शेजारच्या पानावरची मुंगशीण नवऱ्याला हळूच म्हणाली, "कुरतडतोय बघा."

हळू बोललेलंच माणसाला नेमकं ऐकू येतं, आणि उंदराला तर येतंच. दंताजीला पुढचा घास गिळवेना. घरी जाताना त्याने ठकूबाईला सांगून टाकलं की आजपासून आपण कुरतडणं सोडलं. यापुढे कापायचं. ठकूबाई "बरं" म्हणाली. तेव्हा तिच्या तोंडात एक शेंग होती.

जंगलात धारदार वस्तूंचं दुकान एकच होतं, काटेशेठ साळिंदराचं. दुकान म्हणजे मोठ्या वडाखाली बसलेला काटेशेठ स्वतःच. अंगावरच्या एकेका काट्याला एकेक चाकू टांगलेला. गिऱ्हाइकाने भोवती फिरून माल बघायचा, फार जवळ मात्र जायचं नाही.

दंताजीने रोजच्या वापराचा घडीचा चाकू मागितला. काटेशेठने विचारलं, रोज काय काय कापता? दंताजी विचारात पडला. त्याने आजवर काहीच कापलं नव्हतं.

"मग तुम्हाला सगळ्यात उत्तमच लागेल, दंताजीराव," काटेशेठ गंभीरपणे म्हणाला.

झालं, निवड सुरू झाली. पातं लहान घ्यावं तर लोक हसतात, मोठं घ्यावं तर लोक घाबरतात. गंजत नाही त्या पोलादाची धार टिकत नाही, धार टिकते ते पोलाद गंजतं. मूठ शिंगाची चांगली, पण तिचं नाव काढताच हरणांनी तिथून काढता पाय घेतला. उघडलेलं पातं अचानक मिटून बोटं तुटू नयेत म्हणून चाकूला एक खटका असतो. तो कडेला असावा की पाठीवर, यावरून वडाखाली दोन तट पडले आणि त्यांच्यात अजून रोटीबेटी व्यवहार नाही. कासव म्हणालं, थांबा, पुढच्या वर्षी याहून चांगला येणार आहे. कासव हे दर वर्षी सांगत असे आणि त्याच्याकडे चाकू नव्हता.

दंताजी रोज सकाळी वडाखाली जाई आणि संध्याकाळी जास्त गोंधळून परत येई. पावसाळा गेला, हिवाळाही सरत आला. उंदराचे दात जन्मभर वाढतात, कुरतडून ते झिजवावे लागतात, हे तुम्हाला शाळेत शिकवलं असेल. दंताजी शाळेत गेला नव्हता. त्याचे दात वाढत वाढत हनुवटीखाली आले. बोलताना शिटी वाजू लागली. ठकूबाई दाणे चावून मऊ करून द्यायची, तेव्हा कुठे त्याच्या पोटात काही जायचं. आरशासारख्या डबक्यात तो स्वतःला बघायचा आणि आपण पोक्त दिसतो असं त्याला वाटायचं.

शेवटी काटेशेठने पाठीवरचा अगदी आतला चाकू काढला. दोर, वेली, वाख, असलं चिवट काही कापायचं तर यासारखा दुसरा नाही, असं तो म्हणाला. पात्याच्या कडेला बारीक करवत होती. "हा दातेरी. याला दात आहेत."

दंताजीचे डोळे भरून आले. अशी चीज त्याने जन्मात पाहिली नव्हती. ठकूबाईने साठवलेली उन्हाळ्याची सगळी बेगमी काटेशेठकडे गेली आणि चाकू घरी आला.

हा चाकू खिशात ठेवायचा असतो, आणि त्या जंगलात खिसा कोणालाच नव्हता. दंताजीने सुगरण पक्षिणीकडून एक विणून घेतला. चाकू जवळजवळ त्याच्याच लांबीचा असल्याने तो एका अंगाला कलून चालू लागला. लोक म्हणाले, दंताजीच्या चालण्याला वजन आलं. चाकू त्याने एकदाही उघडला नाही. उगीच वापरून धार कशाला घालवा?

एके दिवशी नदीकाठाने तो असाच कलून चालला होता. डोक्यावरून आवाज आला. बघतो तर उंबराच्या फांदीला शिकाऱ्याचं जाळं टांगलेलं, आणि आत लांगूलराव. बिचारा उलटा लोंबत होता आणि शेपटी कुठे गेली ते त्याला सापडत नव्हतं. लांब कुठेतरी शिकाऱ्याचं कुत्रं भुंकत होतं.

दंताजी धापा टाकत झाडावर चढला. आधी त्याने सवयीने दोर तोंडात धरला. पण लांबलेल्या दातांमध्ये तो बसेचना. मग त्याने चाकू काढला. पातं उघडायला अंगठा लागतो, आणि उंदराला तो नावापुरताच असतो. इकडे ढकलून पाहिलं, तिकडे ढकलून पाहिलं. दुकानात चाकू दर वेळी काटेशेठनेच उघडून दाखवला होता, हे त्याच्या आत्ता ध्यानात आलं.

"अरे, दे इकडे," लांगूलरावाने जाळ्यातून हात बाहेर काढला. "मला अंगठा आहे."

दंताजीने चाकू पुढे केला, आणि पटकन मागे घेतला. मुलांनो, सुरी कधी कोणाच्या हातात देऊ नये. हातात दिली की भांडण होतं. खाली ठेवायची, समोरच्याने उचलायची. तुमच्या घरीही हे ऐकलं असेल.

"हातात नको," दंताजी म्हणाला. "आपली इतकी जुनी दोस्ती. मी खाली ठेवतो, तू उचल."

"खाली कुठे ठेवतोस? मी लोंबतोय!"

दंताजी काकुळतीला येऊन म्हणाला की जीव काय, आज आहे उद्या नाही, दोस्ती तुटली तर पुन्हा जुळत नाही. लांगूलराव म्हणाला की असल्या दोस्तापेक्षा शिकारी परवडला. मग दंताजीने लग्नाच्या पंगतीतल्या पेरूचा विषय काढला. मग लांगूलरावाने दंताजीचं सगळं कूळ काढलं, पोत्यांतल्या छिद्रांसकट. भांडण होऊ नये म्हणून जो चाकू हातात दिला नव्हता, त्याच्यावरून त्या जंगलात एवढं भांडण झालं, जेवढं दिलेल्या चाकूवरून कधी झालं नाही.

आरडाओरडा ऐकून शिकाऱ्याचं कुत्रं या दिशेला वळलं. आणि नवऱ्याचा आवाज ओळखून ठकूबाईही धावत आली. तिने एकदा वर पाहिलं, एकदा चाकूकडे पाहिलं.

"अहो, जरा सरका," ती सरसर फांदीवर चढून म्हणाली आणि जाळ्याला दात लावले.

कुर्र, कुर्र, कुर्र. लांगूलराव धप्पकन खाली आदळला, उठला आणि मागे न बघता पळाला. दंताजी आणि ठकूबाई झाडावरून उतरून मुळांतल्या बिळात शिरले. कुत्र्याला रिकामं जाळं तेवढं मिळालं.

दुसऱ्या दिवशी वडाखाली सगळं जंगल जमलं. लांगूलराव सुटला कसा, हे सगळ्यांना ऐकायचं होतं. लांगूलराव उभा राहिला. आता टोळीच्या म्होरक्याने काय सांगावं? उंदरिणीने कुरतडून सोडवलं म्हणून? त्याने घसा खाकरला आणि सांगितलं की दंताजीजवळ चाकू होता, म्हणून आज हा दिवस दिसतोय.

सगळ्यांच्या माना दंताजीकडे वळल्या. ठकूबाई मागे उभी होती. तिच्या दातांत जाळ्याचा धागा अजून अडकलेला होता. दंताजीला तो दिसला. त्याला फार लाज वाटली. खरं सांगून टाकावं म्हणून त्याने तोंड उघडलं.

"दातेरीच ना?" काटेशेठने मोठ्याने विचारलं.

पुढच्या रांगेत मुंगशीण बसली होती. ती दंताजीकडे आदराने बघत होती.

"दातेरीच," दंताजी म्हणाला.

ठकूबाई गुपचूप घरी गेली. त्या संध्याकाळी तिने स्वतःपुरतेच दाणे चावले.

उन्हाळा लागेपर्यंत काटेशेठच्या अंगावर नुसते काटे उरले. सशांपासून कोल्ह्यांपर्यंत प्रत्येकाने दातेरी चाकू घेतला. शिकाऱ्याने जाळी लावणं काही सोडलं नाही. कोणी अडकलं की ते आधी सगळ्यांना दिसेल असा चाकू बाहेर काढी, पण धार जाऊ नये म्हणून उघडत नसे. मग ठकूबाईकडे हळूच निरोप जाई. सोबत सांगणं असे की येताना झुडपाआडून यावं, आणि आवाज फार करू नये.

तात्पर्य : जवळचा चाकू नेहमी उत्तम प्रतीचाच असावा. हलका असला, तर काम कोणी केलं असं लोक विचारतात.