तक्रारीचे आयुष्य तीस दिवस

जगात जे आहे ते सगळे नाशवंत आहे. आधी काय नासावे, एवढेच ठरवायचे उरते. बोईसरजवळच्या एका ग्रामपंचायतीने हे ठरवून टाकले आणि अंमलबजावणी क्लाऊडवर सोपवली. आता साऱ्या फायली दोन फोल्डरांत राहतात. ‘गौरव’मध्ये सत्कार, उद्घाटने आणि सरपंच प्रतापभाऊंचे वाढदिवस, मुदत कायम. ‘तक्रारी’ची मुदत तीस दिवस. त्यानंतर फाईल आपोआप नष्ट होते, कोणाच्या हाताला पाप लागत नाही.

योजना इतकी फळली की महिन्याहून जुनी एकही तक्रार प्रलंबित उरली नाही. (तक्रारदार उरले, पण ते क्लाऊडवर मोजत नाहीत.) त्याबद्दल पंचायतीला प्रशस्तिपत्र मिळाले. ते कुठल्या फोल्डरात गेले हे सांगायला नको.

फायली लावायचे काम कॉम्प्युटरवर बसणाऱ्या दीपालीचे. मुलगी गुणी, नोकरी कंत्राटी. अडचण एकच, पाड्यावरची जिवली. ती दर महिन्याला हातपंपाचे पाणी बाटलीत भरून आणायची. पाणी तांबडे, आणि वास असा की पंखा बंद करावा लागे. दीपाली बाटलीचा फोटो काढून ‘तक्रारी’त ठेवी आणि महिन्याभराने तो नियमाप्रमाणे मरे.

“बाय, पोराचे अंगावर चट्टे उठलेत. मागचा फोटू कुटं गेला?” जिवलीने विचारले.

“त्याची मुदत संपली, मावशी.”

“मग पान्याची कदी संपल?”

दीपालीला लाज वाटली. लाजेसाठी वेगळा फोल्डर नव्हता, म्हणून तिने नवा फोटो गुपचूप ‘गौरव’मध्ये टाकला.

पुढे प्रतापभाऊंचा वाढदिवस आला. मैदानात मोठा पडदा लावून ‘गौरव’मधले फोटो एकामागून एक दाखवले गेले. हार, फीत, केक आणि बाटली. आता नोकरी गेलीच, असे दीपालीने धरले. पण टाळ्या थांबल्याच नाहीत. निवेदक क्षणभर अडखळला आणि म्हणाला, “भाऊंच्या वतीने सरबतवाटप!” भाऊंनी हात जोडले.

“सरबत नाय! आमचे पंपाचा पानी हाय!” मागून जिवली ओरडली. टाळ्यांत ते कोणाला ऐकू गेले नाही.

कोणीतरी काढलेल्या व्हिडिओत मात्र ते स्वच्छ ऐकू येते. तो पालघरभर फिरला, तुमच्याही मोबाइलवर आला. तुम्ही पाहिलात, “अरेरे” म्हणालात, आणि जागा भरत आली तेव्हा काढून टाकलात. त्यासाठी तुम्हाला कुठला नियमही लागला नाही.