खुर्च्या परत गेल्या आणि नीतीचा अंमल जाहला, त्याची हकीकत

सत्याचे स्मरण करोन, कोणाची भीड न धरिता आणि कोणाच्या मेहुण्याची पर्वा न बाळगिता लिहिणार ऐसे लिहितो की, शहरात खुर्च्या तपासावयाची एक कचेरी होती. कारखानदाराने खुर्ची करावी, कचेरीत पाठवावी, येथील यंत्राने तिजवर वजनाचे दणके द्यावे, आणि पाय न मोडल्यास शिक्का मिळोन मग ती बाजारी जावी, ऐसा शिरस्ता. दुसरा शिरस्ता कोठे लिहिला नव्हता, परंतु पहिल्याहून पक्का होता. तो ऐसा की, खुर्ची पास जाहली म्हणजे कारखानदाराने नमुना परत न नेता, असू द्या, बसायला होईल, म्हणोन येथेच ठेवावा. यास्तव कचेरीतील एकूण एक असामी कोणा ना कोणा कारखानदाराच्या मेहेरबानीवर बसली होती, आणि ते कोणास टोचत नव्हते, कारण गाद्या मऊ होत्या.

ऐसे असता थोरले साहेब नीतीच्या शिबिरास गेले आणि निराळेच होऊन परतले. डोळ्यांत तेज, बगलेत चौकट, चौकटीत नीतीची कलमे. ती भिंतीवर ठोकोन, समस्तांस उभे करोन, हात पुढे करवून शपथा घेवविल्या आणि फर्माविले की, ज्याचा माल तपासणे त्याजकडील नजराणा काडीचाही घेऊ नये, घेईल तो बेइमान. समस्तांनी टाळ्या वाजविल्या आणि मग बसावयास निघाले. तोच तपासनीस बाईंनी विचारिले, "साहेब, मग आपण बसतो त्या खुर्च्या कोणाच्या?"

बाई यंत्रावरील मुख्य असामी. घरी आजारी सासू, दोन लेकरे, मिळवती ती एकटी, आणि नोकरी कराराची, दर साली साहेबांच्या सहीने नवी व्हावयाची. ऐसियाने तोंड उघडू नये हा व्यवहार, परंतु आता उघडले ते उघडले. साहेबांची मोठी कोंडी जाहली. शपथ अद्याप कानांत घुमत होती, आणि मग नाइलाजाने हुकूम सुटला की, सर्व खुर्च्या ज्याच्या त्यास परत कराव्या.

त्या दिवसाचे वर्णन करिता लेखणी जड होते. हमाल आले, खुर्च्या उचलिल्या. बडे कारकून आपले खुर्चीस बिलगले ते दोघांनी मिळोन सोडविले. नव्या खुर्च्यांची मागणी वर गेली आणि वरच राहिली. मग कचेरीने उभ्याने काम आरंभिले. कोणी खिडकीच्या कट्ट्यावर कागद मांडिले, कोणी कपाटास पाठ टेकिली, पोटऱ्या सुजल्या, आणि जो तो बाईंकडे पाहोन मनात बोटे मोडू लागला. साहेबांची गोल फिरती खुर्ची मात्र जागीच राहिली. ती त्यांचे मेहुण्यांनी, म्हणजे घरच्या बाईसाहेबांचे धाकट्या बंधूंनी, दिधली होती. मेहुणेही खुर्च्यांचेच कारखानदार, परंतु साहेबांनी ठराव केला की, आहेर हा नजराणा नव्हे. हा ठराव ते बसून वाचीत होते.

याच मेहुण्यांनी बालशाळेच्या लहान लाल खुर्च्यांचा मक्ता घेतला आणि नमुने तपासणीस धाडिले. पहिलीचा मागचा पाय यंत्राने तडकविला, दुसरीचाही तोच पाय गेला. बाईंनी 'नापास' लिहिले. मग पहिला मोर्चा साहेबांचे घरातून लागला. बाईसाहेबांचा फोन आला, तो साहेबांनी उभे राहोन ऐकिला. नंतर बाईंस दालनी बोलावोन फर्माविले की, पोरे हलकी असतात, सबब यंत्रही हलके चालवावे, आणि करार याच महिन्यात संपतो याचे स्मरण असावे.

तरी बाई बोलल्या, "साहेब, पोरं हलकी असतात खरं. पण ती खुर्चीवर नुसती बसत नाहीत हो, झोके घेतात."

साहेबांनी खुर्ची भिंतीकडे फिरविली.

दुसरे दिवशी मेहुणे जातीने चालोन आले. संगे टेम्पो, टेम्पोत कचेरीतील प्रत्येक असामीसाठी गुबगुबीत खुर्ची, हात टेकावयाच्या सोयीनिशी. संगे त्यांची लहान कन्याही होती, शाळेस सुटी म्हणोन आणिली. मेहुण्यांनी जाहीर केले की, तिसरा नमुना पास व्हावा, मग या सर्व खुर्च्या आहेर समजाव्या. फौजेचे इमान तात्काळ डळमळले. कोणी टेम्पोत डोकावोन गादी दाबोन पाहिली, आणि बडे कारकून काकुळतीस येऊन म्हणाले, "बाई, करा की सही. पोटऱ्या गेल्या हो आमच्या!" बाई एकट्या पडल्या. साहेब बाहेर आले, कागद यंत्रावर ठेविला, लेखणी बाईंचे हाती दिधली. बाईंनी कोणाकडे पाहिले नाही.

इतकियात मागे कुरकुर ऐसा आवाज जाहला. कन्या तिसऱ्या लाल खुर्चीवर बसोन, पाय टेबलास लावोन, मजेत मागे झुलत होती. मेहुणे बाण सुटावा तैसे धावले.

"पिल्लू, ऊठ! ऊठ आधी! त्याच्यावर नाही बसायचं!"

आणि पोरीस दंडास धरोन उचलिले, पोटाशी घेतले. पोर रडकुंडीस येऊन म्हणाली, "पण बाबा, नवी आहे ना ती?"

बडे कारकून टेम्पोत एक पाय ठेवोन होते, तो त्यांनी हळूच खाली घेतला. मेहुण्यांचे कान लाल जाहले. साहेबांनी मेहुण्यांकडे पाहिले, पोरीकडे पाहिले, मग बाईंचे हातून लेखणी घेऊन स्वहस्ते 'नापास' लिहिले आणि खाली सही केली. या साहेबांस आम्ही पुष्कळ नावे ठेविली, पुढेही ठेवू, परंतु ती सही चांगली जाहली.

मग साहेबांनी फिरती खुर्ची स्वतः ढकलीत आणोन टेम्पोत चढविली. बाईसाहेबांस फोन केला, तो समस्तांनी कान देऊन ऐकिला. पलीकडोन इतकेच पुसिले गेले की, पिल्लू बसली होती का त्यावर? साहेब हो म्हणाले. मग पलीकडोन हुकूम आला की, जेवायला वेळेवर यावे.

येणेप्रमाणे नीतीची फत्ते होऊन अंमल कायम जाहला, तो येथे नोंदिला असे. बाईंचा करार नवा जाहला. मेहुणे खुर्च्यांस नवे पाय लावीत आहेत. कचेरी उभी आहे. बालशाळेची पोरे तूर्त जमिनीवर बसतात, परंतु पडले कोणी नाही.