दोन्ही बाजूले मानसं

आमच्या कॉलनीतले तायडे सकाळी सहाला बुद्धवंदना करतात, सव्वासहाला चहा करतात आणि साडेसहाला भुतं बघतात.

भुतं म्हणजे अख्खा सिनेमा नव्हे, ट्रेलर. ओट्यावर खुर्ची टाकायची, बिस्किटाच्या डब्याला मोबाइल टेकवायचा आणि येऊ घातलेल्या भुताच्या सिनेमाचा ट्रेलर चार वेळा बघायचा. पहिल्यांदा सरळ. दुसऱ्यांदा आवाज बंद करून. तिसऱ्यांदा डोळे मिटून, नुसता आवाज. चौथ्यांदा तर्जनी वर करून. ही तर्जनी हवेत थांबते आणि पडद्यावर बाई किंचाळायच्या बरोब्बर आधी खाली येते. "हान!" असं तायडे म्हणतात आणि भूत आज्ञाधारकपणे येतं. समोरून दूधवाला जात असला तर तो दचकतो. तायडे कधीच दचकत नाहीत.

मी एकदा विचारलं, "तायडे, या वयात भुतं काहून पाहता?"

"भूत कोन पायते भाऊ? भूत त रबराचं रायते. मी त्याच्या आदीची चुप पाहून राहिलो." त्यांनी ट्रेलर मागे नेला. "हे पाहा. पयले हासवलं. नवं घर, लेकरू, केक. मंग बाई म्हनते, कोन हाय? कोनीच नाई. मंग मांजर उडी मारते. आपन हासलो, श्वास सोडला. सोडला का तिथंच हानते लेकाचं! मांजर पयले, भूत मांगून. भरलेल्या छातीचा मानूस भेत नाई. रिकाम्या छातीचा भेते."

ट्रेलरच्या शेपटीवर तर त्यांचं विशेष प्रेम. पडद्यावर सिनेमाचं नाव येतं, माणसाला वाटतं संपलं, आणि मग एक शेवटचा दणका येतो. "नावाच्या मांगून येते थे खरं," तायडे सांगतात. घाबरण्याच्या ठिकाणाला ते 'जागा' म्हणतात. "याच्यात सात जागा हायेत, चांगला हाय." "हा नुसता रगताचा. रगत पाहून मानूस तोंड फिरवते, भेत नाई. पैसे वाया." सिनेमावर लिहून पोट भरणाऱ्यांनी महिनाभर यांच्या ओट्यावर बसावं, असं माझं मत आहे.

मुडद्यांच्या बाबतीत मात्र त्यांना काही म्हणजे काही पटत नाही. "असा उठते काय मुर्दा? आन हे केस पाहा! इतके मोकळे केस कसे रायतीन? थे आदी बांधा लागतात."

"कोण बांधतं?"

"मी बांधो ना," तायडे म्हणाले.

तीस वर्षं ते अकोल्याला एका सरकारी दवाखान्याच्या चिरघरात होते. चिरघर म्हणजे जिथं पोस्टमॉर्टेम होतं ती खोली. डॉक्टर नाकाला रुमाल लावून दाराशी उभे राहायचे. चिरणं, शिवणं, धुणं आणि नातेवाइकांनी पाहण्याआधी बायकांचे केस विंचरून बांधणं ही कामं तायड्यांची. "डाक्टर सही करे, बाकी सारं मी करो." रिटायर झाल्यावर, बायकोही गेल्यावर, त्यांनी अकोल्याचं घर विकलं आणि अमरावतीला आले ते एवढ्याचसाठी की इथं त्यांना कोणी ओळखत नव्हतं. विचारलं की सांगायचे, "दवाखान्यात होतो." लोकांना ते कंपाउंडर वाटायचे. हात पुढे करून गुडमॉर्निंग करायचे.

हे सुख आठ दिवस टिकलं. नवव्या दिवशी सगळ्या कॉलनीला चिरघर माहीत झालं.

कोणी सांगितलं? मी सांगितलं. अकोल्याहून माझा साळा आला होता. त्याने ओट्यावरच्या तायड्यांना ओळखलं, मला सांगितलं आणि मी आमच्या सेक्रेटरीला सांगितलं. वाईट हेतू काहीच नव्हता. चहाबरोबर काहीतरी तोंडी लावायला लागतं म्हणून सांगितलं. पुढचं काम कॉलनीने केलं.

आमची कॉलनी सुशिक्षित आहे. जातपात आम्ही पाळत नाही, हे आम्ही वरचेवर एकमेकांना सांगतो. तायड्यांच्या नोकरीने आमची फार मोठी सोय केली. "जातीचं नाही हो, कामाचं आहे," एवढं म्हटलं की कोणालाही हात आखडता घेता येत होता आणि पुरोगामीही राहता येत होतं. कोजागिरीला तायड्यांनी दूध ढवळायला पळी हातात घेतली, तर त्या रात्री निम्म्या कॉलनीला एकाएकी दूध पचेनासं झालं. करोनात सगळ्यांनीच हात मिळवणं सोडून नमस्कार धरला होता. करोना गेला, हात परत आले, तायड्यांच्या वाट्याला नमस्कारच राहिला. तोही गेटच्या पलीकडून.

तायडे याच्यावर हसायचे. त्यांचं ते हसणं मला कधी सहन झालं नाही. मुलगा नागपूरला आहे. तिथून आल्यावर म्हणाले, "माही नात लई साफ हाय भाऊ. मी मांडीवर घेतली का सून तिले लगेच आंघोळ घालते. दोन दिवस राहिलो त चारदा आंघोळ! तिले सर्दी झाली, म्हनून मीच वापस आलो."

तर अशा माणसाबरोबर मी एका रविवारी बाराच्या खेळाला गेलो. बायको माहेरी होती, घरी वेळ जात नव्हता, आणि सिनेमात नऊ जागा असल्याची तायड्यांची खात्री होती.

तिकीट खिडकीवर पहिला तमाशा झाला. मुलीने पडद्यावर खुर्च्या दाखवल्या. दीडशे खुर्च्यांचं थिएटर, पंधरा-वीस माणसं. ती म्हणाली, "काका, मागे कॉर्नरची देऊ? मोकळं बसता येईल."

"मोकळं नोको बाई. दोन्ही बाजूले मानसं पाहिजे."

"काका, सगळं रिकामं आहे हो!"

"म्हनून त म्हनून राहिलो. जिथं भरलं हाय, तिथं दे. आन बाजूले कोन हाय थे सांग. पोरीबाळीच्या बाजूले मी बसत नाई."

मुलीने माझ्याकडे पाहिलं. मी जाहिरातीचं पोस्टर वाचू लागलो. शेवटी आम्हाला अशी जागा मिळाली, की तायड्यांच्या डावीकडे मी आणि उजवीकडे एक दणकट मिशीवाला, त्याच्या पलीकडे त्याची बायको. अख्खं थिएटर सोडून आम्ही दोघे आपल्याला का खेटलो, हे काही मिशीवाल्याला कळेना. तो बायकोला मोठ्याने सांगत होता, "आपल्याले भेव बिव काही नाई लागत. तुले लागलं त सांग."

"हे मिशीवाले पयले धरतात," तायडे माझ्या कानात म्हणाले.

"काय धरतात?"

दिवे गेले तसे त्यांनी दोन्ही हात खुर्चीच्या दोन दांड्यांवर ठेवले. तळवे वर, बोटं सैल. "आपन धरायचं नाई," ते हळूच म्हणाले. "आपन नुसता ठेवायचा."

सिनेमा सुरू झाला. नवं घर, लेकरू, केक. सगळं तायड्यांनी सांगितल्यासारखं चाललं होतं, त्यामुळे मी निर्धास्त होतो. मांजर उडी मारून गेलं, मी हसलो, श्वास सोडला. आणि कपाटातून ते जे काही बाहेर आलं, ते पाहून मी ओरडलो की नाही ते आठवत नाही. भानावर आलो तेव्हा माझ्या दोन्ही हातांत तायड्यांचा डावा हात होता. उजवा मिशीवाल्याने धरला होता. मी तायड्यांकडे पाहिलं. ते पडद्याकडे बघतच नव्हते. डोळे मिटून, मान मागे टाकून बसले होते, आणि चेहऱ्यावर समाधान, जेवून उठल्यावर असतं तसं.

मग मला सगळं कळलं. चार चार वेळा ट्रेलर, नऊ जागा, दोन्ही बाजूला माणसं. अंधारात घाबरलेला माणूस हात कोणाचा ते पाहत नाही.

इतकं कळूनही मी काय केलं, ते सांगितलं पाहिजे. मध्यंतराला मी उठलो आणि हात धुवायला गेलो. ठरवून नाही. पाय आपोआप गेले. नळ सोडला, साबणाचं बटण दाबलं, साबण येईना. पुन्हा पुन्हा दाबत होतो, तेवढ्यात आरशात मागे तायडे दिसले.

"डाव्या बाजूचं दाबा भाऊ," ते म्हणाले. "हे रिकामं हाय."

आवाजात राग नव्हता, टोमणाही नव्हता. त्यांनी शेजारी स्वतःचे हात नुसत्या पाण्याने धुतले आणि गेले.

उत्तरार्धात भूत मोठं झालं. पहिल्या जागेला माझा हात दांडीवर गेला. दांडी रिकामी होती. तायड्यांनी डावा हात पँटच्या खिशात घातला होता. पुढच्या चारही जागांना मी थंडगार प्लॅस्टिक धरून बसलो. उजवा हात मात्र तसाच ठेवलेला होता आणि मिशीवाल्याने तो शेवटपर्यंत सोडला नाही.

दिवे लागले. मिशीवाला हाताकडे पाहून लाजला, मग खो खो हसला आणि तोच हात जोरजोरात हलवत म्हणाला, "काका, तुमी होते म्हनून वाचलो! कुठचे तुमी?"

"अकोल्याचा."

"अरे! आमी पातूरचे! अकोल्याले नोकरीत होते काय? कुठं?"

तायड्यांचा हात अजून त्याच्या हातात होता. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. सहा वर्षांत या माणसाला मी घाबरलेलं पाहिलं नव्हतं. आता पाहिलं, आणि भूत मी होतो.

मी तोंड मिटून उभा राहिलो.

"सरकारी नोकरी होती," तायडे म्हणाले.

"या मंग पातूरले कधी! घरी या!" मिशीवाल्याने पुन्हा एकदा हात हलवला आणि बायकोला घेऊन गेला. तायडे तो जाईपर्यंत पाहत राहिले.

आम्ही जिना उतरून बाहेर आलो. दुपारचे अडीच, ऊन रणरणत होतं. मला स्वतःची शरम वाटत होती. म्हटलं, "तायडे, चुकलं माझं. तेव्हाही आणि आजही." आणि मी हात पुढे केला.

त्यांनी माझ्या हाताकडे पाहिलं. मग मागे वळून, ये-जा करणाऱ्या माणसांकडे पाहिलं. त्यात आमच्या कॉलनीचंही कोणी असू शकलं असतं.

"राहू द्या भाऊ," ते हसून म्हणाले. "इथं उजेड हाय."

आणि पुढे जाऊन ते ऑटोला हात करू लागले.